दार काढू नका

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला बाई आल्या होत्या त्या खरं म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे. अक्काची सगळी नोकरी बँकेत झाली. तिथे माणसं कशी कशी येत हे ती जेवताना इतकं छान सांगते की ताटातला भात निवून जातो. पण लिहायचं म्हटल्यावर अक्काचे गुडघे दुखायला लागले. लिहिण्याचा गुडघ्यांशी काय संबंध, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. "ह्याला सांगा की," म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत काळा गोंद होता. "आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला आयुष्यभर जड गेला आहे.

मी जुन्या मोटारींच्या दारांना रबर बसवतो. एवढंच. इंजिनाला मी हात लावत नाही, ब्रेकचं मला फारसं कळत नाही. आडनाव राव, त्यामुळे मल्लेश्वरमच्या मागच्या गल्ल्यांत मला ‘रबर राव’ म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा माझ्या वडिलांनी, धंद्याला जरा वजन यावं म्हणून, "मुलगा सीलिंगमध्ये आहे" असं सांगितलं. सासरे सरकारी खात्यातले. त्यांनी असं धरून घेतलं की होणारा जावई बेकायदा दुकानांना सील ठोकतो. त्या रुबाबावर मुलगी मिळाली. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ते माझी शेड बघायला आले, तेव्हा मी एका मोटारीच्या दारात अर्धा आत आणि अर्धा बाहेर लोंबकळत होतो. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "इथे जप्ती कुणावर आहे?"

धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोटारीचं दार ज्या चौकटीत बसतं तिच्या कडेने पत्र्याची एक बारीक पन्हळ असते. छपराला असते तशीच, फक्त करंगळी जेमतेम मावेल एवढी. त्या पन्हळीत रबराची पट्टी बसते. तिला इकडे सगळे बीडिंग म्हणतात. दार लागलं की रबर दाबलं जातं आणि पाणी, धूळ, वारा बाहेर राहतो. पण रबरालाही वय होतं. ते कडक होतं, आकसतं, कोपऱ्यात चिरतं. मग पाणी त्याच्या मागे शिरतं, आणि पन्हळीच्या तळाची भोकं मातीने बुजलेली असल्यामुळे तिथेच मुक्काम करतं. पत्रा आतून गंजत जातो. वरून रबर काळंभोर दिसतं, मालक दर रविवारी त्याला तेल पुसतो आणि खूश असतो.

म्हणून एखादा माणूस येऊन "नुसतं रबर बदला" म्हणाला की मी आधी टोच्या हातात घेतो. पन्हळीत जागोजागी टोचून बघतो. टक् असा आवाज आला तर पत्रा शिल्लक आहे. आवाज न येता टोच्या आत गेला तर मी मालकाला बसायला स्टूल देतो. कुजलेला भाग कापायचा, त्या मापाचं ठिगळ वाकवून जोडायचं, उरलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, मग प्राइमर, मग रंग, मग भोकं मोकळी करायची आणि सगळं वाळल्यावर शेवटी रबर. ते बसवताना ओढायचं नाही. ओढून बसवलेलं रबर त्या दिवशी फार सुंदर दिसतं आणि महिन्याभरात आपल्या मूळ लांबीवर येऊन सांध्यात फट पाडतं. मी ह्यातल्या सगळ्या चुका केलेल्या आहेत, म्हणून इतक्या खात्रीने सांगतो.

शेवटची परीक्षा पाण्याची. मी बाहेरून पाइपाने दारावर पाणी मारतो, आणि आत टॉर्च घेऊन माझी बायको शैला बसते. तिच्याइतकी नजर माझ्या पाहण्यात नाही. एक थेंब आला तरी काचेवर टकटक करते. येणारे-जाणारे थांबून बघतात: नवरा बंद मोटारीवर पाणी मारतोय आणि आत बायको शांतपणे विणकाम करतेय. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, की संसारात भांडणं होतात, पण हे बरं नव्हे.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ. जयनगरचे एक गृहस्थ आले. म्हणाले, मागच्या सीटखाली काहीतरी उगवलंय. बघतो तर गालिच्यावर हरभऱ्यांना बोटभर मोड. कधीतरी किराण्याची पिशवी सांडली होती, आणि दाराखालून झिरपणाऱ्या पाण्याने बाकीचं पार पाडलं होतं. त्यांनी पन्हळीची चौकशी केली नाही. "हे खायला चालतील का?" एवढंच विचारलं.

पण मला लिहायचं आहे ते आगाशे काकांच्या गाडीबद्दल. ती गोष्ट मी मंडळात कुणाला सांगितलेली नाही, कारण तिच्यात गंमत आहे आणि त्या गमतीची लाज माझ्याकडे येते.

आगाशे काका पुण्याचे. शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली. काकू गेल्यावर मुलीने, मुग्धाने, त्यांना इकडे या म्हणून धोशा लावला. ती दहा वर्षांपासून इथे आहे, के. आर. पुरमच्या बाजूला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. काका एका अटीवर तयार झाले: गाडी बरोबर येणार. मुग्धाला बाबा हवे होते, गाडी नको होती, आणि दोन्ही सुटं मिळत नव्हतं. शेवटी गाडी ट्रकवर चढून आली.

गाडीचं नाव लिहीत नाही. जुन्या गाड्या ओळखणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे, की तिची पुढची दोन्ही दारं उलटी आहेत. बिजागऱ्या मागे आणि मूठ पुढे. दिसायला फार ऐटबाज. पण अशा दाराची एक खोड असते. सरळ दार चुकून नीट लागलं नसेल तर समोरचा वारा ते दाबून धरतो. उलटं दार नीट लागलं नसेल तर तोच वारा ते पकडून मागे भिरकावतो.

पहिल्या दिवशी दोघंही शेडवर आले होते. मुग्धा मला म्हणाली, "सर, धिस इज द लास्ट रिपेअर. पावसात गाडीत पाणी, पार्किंगमध्ये पाणी, सोसायटीची बोलणी मी खातेय. ह्यानंतर एक जरी प्रॉब्लेम झाला तर मी विकून टाकणार."

"मग मीही पुण्याला जाणार," काका म्हणाले. वेळापत्रक वाचून दाखवावं तसं म्हणाले.

"बाबा, तिथे आता कोण आहे?"

"घर आहे."

मी टोच्या शोधण्याचं निमित्त करून आत गेलो.

आता इथे माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं. आमची घराणी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आली आणि येताना जी भाषा आणली ती इथल्या पाण्यात मुरली. वाचतो ते पुस्तकातलं मराठी, म्हणून लिहितानाही जमतं. बोलतो ते घरचं. पुण्या-मुंबईची मंडळी आली की मी सरळ इंग्रजीत शिरतो. एकदा एका बाईंनी माझं मराठी ऐकून "किती गोड!" असं म्हटलं होतं, आणि पन्नाशीच्या माणसाला गोड म्हणणं हे काही कौतुक नव्हे. मुग्धाशीही माझं इंग्रजीच चाले. पण काका मला "रावसाहेब" म्हणाले. मी विरघळलो. त्यांच्याशी मी मराठीतच बोलायला लागलो, आणि अगदी ऐटीत.

काम दीड महिना चाललं. तीन दारं सुरळीत झाली. चौथं, पुढचं डावीकडचं, सगळ्यांत वाईट. खालच्या कोपऱ्यात पन्हळ पापडासारखी मोडत होती. तिथे मुनियप्पाने, म्हणजे माझ्या जुन्या वेल्डरने, वीतभर पत्रा नवा घातला. मूळ मापाचं रबर आता मिळत नाही, म्हणून मी त्याहून किंचित जाड बसवलं. जाड रबर सुरुवातीला दाराला बाहेर ढकलतं. दाराच्या कुलपाला दोन टप्पे असतात. खांद्याने रेटून लावलं तर दुसरा टप्पा पकडतो. हलक्या हाताने लावलं तर पहिल्यावरच थांबतं, दिसायला लागलेलं दिसतं आणि खरं लागलेलं नसतं. अशा वेळी दार चांगलं रेटून चार दिवस बंद ठेवायचं. रबर बसतं. मग मी कुलपाची पट्टी केसभर सरकवतो आणि दार बोटाने लागायला लागतं.

हे चार दिवस गाडी माझ्या शेडमध्येच राहायला हवी. माझा तसा नियम आहे. पण काका रोज सकाळी फोन करत. "रावसाहेब, आमची मंडळी काय म्हणतात?" मंडळी म्हणजे गाडी. दीड महिना रोज. शेवटी मला राहवलं नाही. मी स्वतः गाडी चालवत के. आर. पुरमला नेली, त्यांच्या तळघरात लावली, डावीकडचं दार परत एकदा खांद्याने रेटलं, किल्ली वॉचमनकडे दिली. लिफ्ट बंद होती, काका नवव्या मजल्यावर. म्हणून फोन केला.

"काका, गाडी आली हां. खाली लावली आहे."

"वा! उतरतोच."

"उतरा. पण एक ऐका. डावीकडचं पुढचं दार चार दिवस काढू नका."

"दार?"

"हो. अजिबात काढू नका. मी सोमवारी येतो, मग बघू."

"छे, छे! मी कशाला काढतोय दार? माझ्याकडे साधा पाना नाही, रावसाहेब!"

मी मोठ्याने हसलो. पुण्याच्या लोकांचा विनोद जरा उशिरा कळतो असं ऐकून होतो. हा मला परतीच्या बसमध्येही कळला नाही, पण आधी हसून ठेवलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज सपाट झाला होता. काका सकाळी बाजारात गेले होते. येताना तांदळाची पिशवी डावीकडच्या दाराने आत ठेवली, जुन्या माणसांच्या सवयीने दार हलकेच लावलं आणि निघाले. पुलाजवळच्या वळणावर वाऱ्याने दार पकडलं. ते मागे फिरून एका खांबावर आदळलं. पिशवी रस्त्यावर, तांदूळ सगळीकडे. काकांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"सर, त्या सीटवर एरवी मी बसते," ती म्हणाली.

मी इंग्रजीत म्हणालो, की मॅडम, मी त्यांना चार दिवस ते दार उघडू नका म्हणून अगदी स्पष्ट सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

तळघरात गेलो तेव्हा ते दार बिजागरीतून पिळवटून मागे लोंबत होतं. काका बाजूला उभे होते. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे.

"बाबा, सर म्हणतात त्यांनी तुम्हाला दार उघडू नका म्हणून सांगितलं होतं."

"नाही," काका म्हणाले. "असं काही ते बोलले नाहीत."

"सांगितलं की, काका," मी म्हणालो. मी दुखावलो होतो. "फोनवर. दोनदा. तुम्ही ‘छे, छे’ म्हणालात. मी हसलोसुद्धा."

काकांनी कपाळ चोळलं. "फोन आठवतो. पान्याचं काहीतरी बोललो, तेही आठवतं. पण हे... हे नाही आठवत."

त्यावर मुग्धाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मुग्धाकडे. एका माणसाच्या डोक्यावरून दोघांनी एकमेकांकडे बघणं, एवढंच. काकांनी ते पाहिलं. मला ते अजून दिसतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. किल्ली मुग्धाच्या कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी गाडी टोचन लावून माझ्याकडे आली. मुग्धाचं म्हणणं होतं, की दार नीट करून द्या आणि एखादं चांगलं गिऱ्हाईक बघा. काकांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, मध्ये इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते शब्द परत म्हणायला लावले. काकांना चार आले. "ह्या वयात एखादा राहतो, लक्ष ठेवा," असं डॉक्टर म्हणाले. लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे घरोघर आपापल्या परीने ठरवतात. मुग्धाने गॅसजवळ पाटी लावली.

मी घरी येऊन शैलाला म्हणालो, "फार चांगला माणूस गं. पण विसरायला लागलेत."

"तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं त्यांना?"

"सांगायचं काय? स्वच्छ मराठीत सांगितलं."

"सरी," शैला म्हणाली आणि विणकामात तोंड खुपसलं. ‘सरी’ म्हणजे कन्नडात ‘बरं’, पण तिची ते म्हणायची एक पद्धत आहे. तिच्यात संमती नसते.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी काका एकटेच शेडवर आले. मेट्रोने आले. खिशात मुग्धाने लिहून दिलेली चिठ्ठी होती: कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची, कुठे उतरायचं. मी स्टूल दिलं. पूर्वी ते गाडीभोवती फिरत, हात लावत, प्रश्न विचारत. ह्या वेळी बसून राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतात. जवळून गेलो तेव्हा ऐकू आलं. "एकोणतीस सत्ते दोनशे तीन. एकोणतीस आठे..." पुढे अडलं नव्हतं, मी ऐकतोय म्हणून थांबले.

"रोज म्हणतो," ते म्हणाले. "सकाळी तीसपर्यंत सगळे. मग वर्गातल्या मुलांची नावं, एकेका सालाची. बघायचं, काय काय गळालंय."

"आणि?"

"काहीच गळालेलं दिसत नाही. त्याचीच भीती वाटते. जे गेलं ते गेलंय हेसुद्धा कळत नाही मला. तुमचं ते वाक्य, रावसाहेब, मी किती शोधलं. त्या फोनमधलं सगळं आहे. लिफ्ट बंद होती ते आहे. नेमकं ते वाक्य नाही."

अशा वेळी मी कामात शिरतो. बिजागरी बदलून झाली होती, दार परत बसवलं होतं, चौकटीत कुठे घासतं ते बघायचं होतं. माझे दोन्ही हात गोंदाने भरलेले. काकांना जरा उठवावं, गुंतवावं, म्हणून म्हणालो, "काका, जरा ते दार काढा हो."

ते चटकन उठले. चेहऱ्यावर थोडी जान आली. इकडे तिकडे बघून माझ्यापुढे हात केला.

"द्या."

"काय?"

"पाना. मोठा लागेल ना?"

"पाना कशाला?"

"दार काढायचं म्हणालात ना?"

"काढायचं म्हणजे... मुठीला धरून काढायचं. असं." आणि मी कोपराने मूठ खाली दाबून दार उघडलं.

शेडमध्ये बाजूला मुनियप्पाचं ग्राइंडर चाललं होतं. ते थांबलं तसं मला माझंच बोलणं ऐकू आलं.

आमच्याकडे दार काढतात. कन्नडात ‘तेगी’ म्हणजे उघड आणि ‘तेगी’ म्हणजेच काढ. "बागलु तेगी" हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत ऐकत आम्ही मराठीतही दार काढायला लागलो. माझी आई काढायची, अक्का काढते. बिजागरीतून सोडवायचं असेल तर आम्ही दार उतरवतो. पुस्तकांत ‘त्याने दार उघडलं’ हे मी हजारदा वाचलं असेल. पण ते पुस्तकातलं दार. घरातलं दार काढायचंच असतं, आणि ह्या दोन्हींत काही फरक आहे हे मला पंचावन्न वर्षांत एकदाही जाणवलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "मी फोनवर तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"दार काढू नका," ते लगेच म्हणाले. "चार दिवस. दोनदा म्हणालात. मला वाटलं, दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका असं सुचवताय."

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मला हसू येत होतं, आणि ते हसले की आपणही हसून मोकळं व्हायचं, अशी वाट बघत होतो. ते हसले नाहीत. खाली स्टुलावर बसले. चष्मा पुसला, परत घातला.

"म्हणजे ते वाक्य नव्हतंच," ते म्हणाले.

"नव्हतं, काका."

"मी शोधत होतो ते नव्हतंच." आणि मग, जसं काही वहीतलं उत्तर परत पडताळून बघत होते, "म्हणजे मला सगळं आठवत होतं."

मुग्धा त्यांना न्यायला यायची होती. ती येईपर्यंतचा पाऊण तास मला फार लांब गेला. शब्दावर सगळं ढकलून देता आलं असतं. भाषेची गंमत म्हणून सांगितलं असतं तर तीही हसली असती. पण मी हात धुतले आणि मनाशी नीट मांडणी केली. जाड रबर बसवलेली गाडी चार दिवसांच्या आत शेडबाहेर नेली ती मी. बाहेर नेलीच होती तर दारावर चिकटपट्टी लावून चार अक्षरं लिहायची होती, ती लिहिली नाहीत ती मी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, एक म्हातारा माणूस ‘नाही’ म्हणत असताना मला एक क्षणही शंका आली नाही. पन्हळीत कुठे पत्रा कुजलाय हे मी टोचून टोचून बघतो. स्वतःच्या बोलण्याला तसं कधी टोचून पाहिलं नव्हतं.

मुग्धा आली. शैलाने तिला कॉफी दिली. मी उभ्यानेच सांगितलं, आणि मराठीत सांगितलं. चुकलं तर चुकलं.

ती हसली नाही. कप खाली ठेवला.

"तुम्ही त्या दिवशी इतक्या कॉन्फिडन्सने सांगितलंत मला," ती म्हणाली. "मी... मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. पाट्या लावल्यात घरभर. किल्ली काढून घेतली. तीन आठवडे मी त्यांना रोज विचारतेय, आज वार कोणता!"

"हो."

"अँड ही जस्ट आन्सर्स. रोज. शांतपणे."

"चूक माझी आहे, मुग्धाताई. सगळी."

"सगळी नाही," ती म्हणाली. मग स्टुलाकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना ते असं बोललेच नाहीत म्हणून? मग तुम्ही भांडला का नाही माझ्याशी?"

काका तिच्याकडे बघत होते. "तू इतक्या खात्रीने बोलत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यापेक्षा तुलाच नीट माहीत असेल."

मुग्धा उठली आणि शेडच्या कोपऱ्यात, जिथे मी जुनी रबरं टांगून ठेवतो, तिथे पाठ करून उभी राहिली. शैला तिच्याजवळ गेली. मी आणि मुनियप्पा, आम्ही दोघं एकाच बिजागरीला तेल घालत बसलो. तिला आता वर्षभर तेल लागणार नाही.

माझ्याकडे आता जाड चिकटपट्टी आहे. काम झालेल्या दारावर ती आडवी लावतो आणि तिच्यावर कन्नड, इंग्रजी आणि मराठीत लिहितो. मराठी ओळ शैला तपासते. एवढं करूनही गाडी चार दिवसांच्या आत कुणाला देत नाही, मग फोन कितीही गोड येवो.

त्या दिवशी मुग्धा कोपऱ्यातून परत आली तेव्हा तिने पर्समधून किल्ली काढली. तिच्या कपाटातली ती किल्ली तिने बरोबर का आणली होती, हे मी विचारलं नाही. बहुतेक गिऱ्हाइकाला दाखवायला. ती काकांपुढे धरली.

"चला. तुम्हीच चालवा."

काकांनी किल्ली घेतली नाही. "आज नको," म्हणाले. "आज तू चालव."

"मला कुठे येते ही? गिअर स्टिअरिंगला आहे!"

"शिकवतो की. गणितापेक्षा सोपं आहे."

"बाबा, ट्रॅफिक बघा बाहेर!"

"असू दे."

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायच्या बोलीवर दोघं बसली. डावीकडचं दार मी स्वतः लावलं आणि ओढून बघितलं. गाडीने एक हिसका दिला, गल्लीच्या मधोमध आली आणि बंद पडली. परत सुरू झाली, दोन पावलं गेली, परत बंद. आतून काकांचा आवाज येत होता, वर्गातला, खणखणीत. क्लच, म्हणे, भागाकारासारखा सोडायचा, एकदम नाही. मुग्धा जोरजोरात काहीतरी उत्तर देत होती. मागे एक रिक्षा येऊन थांबली आणि हॉर्नवर हात ठेवून राहिली.

तेव्हा काकांनी डावीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रिक्षावाल्याला, नव्याने शिकलेलं कन्नड मिसळून, म्हणाले, "अण्णा, स्वल्प थांबा. मुलगी शिकतेय."

रिक्षावाल्याला मराठीचा गंध नसावा. त्याने इंजिन बंद केलं.